रिकाम्या खुर्चीपुढचा बर्फ

परवा तुम्ही दोघं एकमेकांच्या हातातून फोन ओढून घेत मला सांगत होतात, की तुमच्याकडे लॉस एंजेलिसला एका जपानी दुकानात तुम्ही ‘काकीगोरी’ खाल्लं आणि आजीला ते काय असतं हे माहीत असणं शक्यच नाही. आजीला माहीत आहे. तुमची आई सात वर्षांची होती, तेव्हा तिनं आणि मी ते शिकागोत खाल्लं. घरी येऊन नाव सांगितलं, तर तुमचे आजोबा म्हणाले होते, “कोणाची काकी?” चवीबद्दल मी फोनवर बोलले. त्या दुकानात काय झालं ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईला विचारू नका. तिला आठवत नाही असं ती म्हणते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्ही नेपरव्हिलला याच घरात राहत होतो. त्या हिवाळ्यात तुमचे पणजोबा सांगलीला वारले. मी त्यांना मामंजी म्हणत असे. तुमचे आजोबा दिवसकार्याला जाऊन आले, आणि मे महिन्यात, कागदपत्रं झाल्यावर, सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, आमच्याकडे राहायला आल्या.

त्या जेवत नव्हत्या. उपास नव्हता, रुसवा नव्हता. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि “पुरे” म्हणून उठायच्या. मी वरणफळं केली, मऊ भात केला, त्यांच्या आवडीची तोंडली शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून आणून भरली. त्यांचा ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, आजार काही नाही, पण वजन असंच उतरत राहिलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवून नळीनं अन्न द्यावं लागेल. नळी म्हणजे काय ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

एकदा मी जरा आवाज चढवूनच विचारलं, “आई, तुम्हाला झालंय तरी काय?”

“अगं, ते उपाशी आहेत,” त्या म्हणाल्या. “मी कशी जेवू?”

याला कारण होतं. आपल्याकडे दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला, की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं समजायचं. शिवला नाही, तर घरचे लोक हात जोडून मोठ्यानं वचनं देतात, तुमचं अमुक करू, तमुक करू. मामंजींच्या पिंडाला कावळा शिवला नाही. झाडावर कावळे पुष्कळ होते, पण एक खाली उतरेना. तुमच्या आजोबांनी सुचतील तितकी वचनं दिली. आईला सांभाळीन म्हणाले, घर विकणार नाही म्हणाले. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि काम उरकलं. सासूबाईंच्या मते ते उरकलंच नव्हतं.

आणि मामंजींची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. बायको शेजारच्या पाटावर बसल्याशिवाय ते पहिला घास उचलत नसत. त्या काळात बायका मागाहून जेवायच्या, त्यामुळे मित्र त्यांना टोचायचे, “अहो, आमटी निवली, अजून मुहूर्त लागत नाही का?” ते हसायचे आणि थांबायचे. पन्नास वर्षं थांबले.

तर जुलैच्या शेवटी एका शनिवारी आम्ही तिघी डेव्हनला वाणसामान घ्यायला गेलो होतो. उकाडा असा, की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येईना. परत येताना मी क्लार्क स्ट्रीटनं आले आणि तुमची आई ओरडली, “मॉम, स्नो कोन्स!” एका छोट्या जपानी दुकानाच्या दारावर पांढरं कापड लटकत होतं. खाली निळ्या लाटा, मधोमध तांबडं एकच अक्षर. त्याचा अर्थ बर्फ, हे मला नंतर कळलं. हवा अजिबात नव्हती. झाडाचं पान हलत नव्हतं, पण ते कापड हलत होतं. आत पंखा असेल, असं मी मनात म्हटलं. आत पंखा होता, पण तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

आत चार टेबलं होती. दुकानाची मालकीण सत्तरीची, केस पांढरे, एप्रन कडक इस्त्रीचा. पारदर्शक बर्फाची लादी तिनं हिरव्या रंगाच्या लोखंडी यंत्रात आवळून बसवली आणि बाजूचं चाक हातानं फिरवायला सुरुवात केली. खाली काचेच्या वाटीत जे पडत होतं ते आपल्या गोळ्यासारखं खरखरीत नव्हतं. पिंजलेला कापूस पडावा तसं पडत होतं. मधूनमधून ती वाटी फिरवायची, म्हणजे ढीग सगळीकडून सारखा चढतो. तुमच्या आईनं स्ट्रॉबेरीचं घेतलं. मी हिरव्या चहाच्या पाकाचं घेतलं, खाली गोड शिजवलेले तांबडे दाणे, आपल्या चवळीच्या भावंडांसारखे. तुम्हाला चांगलं काकीगोरी कुठे मिळेल हे हवं असेल, तर इतकंच बघा की बर्फ लादीचा आहे आणि दाताखाली करकरत नाही. बाकी रंगीत पाकाला भुलू नका.

सासूबाईंना मी म्हटलं, “आई, हे नुसतं पाणीच आहे. घ्या थोडं.”

त्या ऐकत नव्हत्या. त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होत्या. तिथे एका रिकाम्या खुर्चीपुढे वाटी ठेवलेली होती, बर्फाचा शुभ्र डोंगर, वर काही नाही. शेजारी चमचा नीट आडवा ठेवलेला. समोरच्या बाजूला दुसरी वाटी, अर्धी खाल्लेली.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, त्यांना बाथरूमला जायचं असेल. त्या सरळ दाराशी गेल्या, दार सताड उघडलं आणि पाठ टेकून तसंच धरून उभ्या राहिल्या. बाहेरची गरम हवा आत यायला लागली. त्या रस्त्यापलीकडच्या तारांकडे बघत होत्या.

“आजी, क्लोज द डोअर!” तुमची आई म्हणाली. “इट्स मेल्टिंग!”

“गप बस,” सासूबाई म्हणाल्या. “कावळ्याला वाट नको का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकीण पुढे आली. मी इंग्रजीतून माफी मागितली आणि कावळ्याचं थोडक्यात सांगितलं, गेलेल्या माणसासाठी अन्न ठेवतात, पक्ष्यानं शिवावं लागतं, माझ्या सासऱ्यांचं शिवलं गेलं नाही. एवढंच बोलले. ती शांतपणे ऐकत होती. तिचं इंग्रजी तुटक पण स्वच्छ होतं. ती म्हणाली, वाटी तिच्या नवऱ्याची आहे. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गेलेली माणसं काही दिवस घरी येतात, तेव्हा ती रोज दुपारी त्याच्यासोबत बर्फ खाते.

“पक्षी लागत नाही,” ती म्हणाली. “ते आलेले आहेत. बसलेले आहेत.”

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की मी त्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. सासूबाईंना मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी दार सोडलं. परत येताना त्या कोपऱ्यातल्या टेबलाजवळून वळसा घालून आल्या, बसलेल्या माणसाच्या पायांना धक्का लागू नये म्हणून घालतात तसा.

त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही. पण आठवडाभरानं शनिवारी सकाळी स्वतःहून म्हणाल्या, “त्या बर्फवाल्या बाईंकडे जायचं का?” आल्यापासून त्यांनी काही मागितलं, ते हे पहिलंच. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि या खेपेला ते नळीचं ठरवूनच सोडणार होते. मी लगेच गाडीची किल्ली घेतली.

“दोन वाट्या सांग,” दुकानात गेल्यावर सासूबाई म्हणाल्या. “पांढऱ्याच. एक त्यांच्यापुढे.”

आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. सासूबाई आणि मी एका बाजूला, तुमची आई तिचं स्ट्रॉबेरीचं घेऊन टेबलाच्या टोकाला. सासूबाईंसमोरची खुर्ची रिकामी. मालकिणीनं काही न विचारता तिथे वाटी ठेवली आणि चमचा आडवा ठेवला.

सासूबाईंनी हात जोडले आणि वचनं द्यायला लागल्या. अगदी हळू, पण मला ऐकू येत होतं. तुळशीला पाणी घालायला शेजारणीला सांगितलंय. तुमची पुस्तकं वाचनालयाला देते. धाकट्याशी बोलणं टाकलं होतंत ना, मी त्याला फोन करते. प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या आणि वाटीकडे बघायच्या. ढीग तसाच होता. त्यांच्या स्वतःच्या वाटीतला बर्फ मात्र कडेनं पाणी व्हायला लागला होता. एकाच लादीचा, एकाच वेळी किसलेला बर्फ, ऊनही आमच्याच बाजूनं येत होतं, तरी समोरच्या वाटीला काठावर थेंबसुद्धा नव्हता. मी दोनदा बघितलं.

“आई, तुमचा विरघळतोय,” मी म्हटलं.

“विरघळू दे. आधी त्यांचं.”

मालकीण यंत्र पुसत होती. तिनं फडकं ठेवलं, आमच्याजवळ आली आणि माझ्याकडे न बघता, त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “त्यांना सांगा, सुरुवात करा. हे कधीच आधी खात नाहीत ना.”

मी हे तिला सांगितलं नव्हतं. पहिल्या भेटीत काय काय बोलले ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. कावळ्याचं बोलले होते, सवयीचं नाही. सासूबाईंना इंग्रजीचा शब्द येत नव्हता. मला उठून जावंसं वाटलं. पण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय म्हणाल्या त्या?”

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, घरी पाटावर बसताना बसायच्या तशा सावरून बसल्या, आणि समोर बघून, मी आजवर न ऐकलेल्या तरुण आवाजात म्हणाल्या, “मी बसले हो.”

आणि चमचा उचलून खायला लागल्या.

मी त्यांच्या वाटीकडे बघत होते, कारण तिथे बघणं सोपं होतं. एक चमचा, दुसरा, तिसरा. पाणी झालेलंसुद्धा त्यांनी वाटी उचलून पिऊन टाकलं. किती महिन्यांनी त्यांच्या घशाची हालचाल मी बघत होते. मग तुमची आई खायची थांबली आहे हे माझ्या लक्षात आलं. तिचा चमचा हवेत होता आणि ती समोरच्या वाटीकडे बघत होती.

त्या ढिगाला एक खाच पडली होती. खुर्चीच्या बाजूनं, आमच्या नव्हे. बर्फ आतून खचतो हे मला ठाऊक आहे, आणि खचला की मधोमध खड्डा पडतो हेही ठाऊक आहे. ही खाच कडेला होती, चमच्याच्या रुंदीची, गुळगुळीत. चमचा होता तिथेच आडवा होता. मी वाकून टेबलाखाली बघितलं, कुठे पाणी गळतंय का. फरशी कोरडी होती.

दोन पांढऱ्या वाट्यांपैकी मालकिणीनं पैसे एकीचेच घेतले. निघताना तिनं चार माणसांना वाकून नमस्कार केला. तो मोजून केलेला होता, एकेकाला वेगळा.

गाडीत सासूबाई मागे बसल्या, तुमच्या आईशेजारी. हायवेवर लागल्यावर मागून त्यांचा आवाज आला, “घरी गेल्यावर भात टाक गं. आणि ते तोंडल्यांचं काही उरलंय का? भूक लागली आहे.”

मला रडू आलं. गाडी चालवताना डोळे पुसणं कठीण असतं, पण मी पुसले. सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. आरशात बघितलं, तर सासूबाईंचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं, तोंड किंचित उघडं, त्या गाढ झोपल्या होत्या. आमची स्टेशन वॅगन मोठी होती, मागची सीट लांबलचक. तरी तुमची आई दुसऱ्या दाराला अगदी चिकटून, गुडघे जवळ घेऊन, अंग चोरून बसली होती. मधे सगळी जागा मोकळी.

“अगं, अशी काय बसलीस?” मी म्हटलं. “आजी झोपलीये. सरक की मधे, पाय पसर.”

तिनं माझ्याकडे आरशातून बघितलं आणि आजीची झोप मोडू नये म्हणून हळूच उत्तर दिलं.

“आय कान्ट, मॉम. देअर इज नो रूम.”