उष्टावणात पुढे न आलेला डावा हात

हेमा काल गेली.

तिच्यावर रागावून मी अकरा दिवस घालवले होते आणि ते दिवस माझ्या नातवाचे होते. हे आजवर हेमाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

ओम तेव्हा साडेसहा महिन्यांचा. इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या आमच्या घरी त्याचं उष्टावण. पाटावर पेन, पुस्तक, अंगठी मांडलेली. बाळ काय उचलतं ते बघायचं.

ओमने उजव्या हाताने पेन उचललं. टाळ्या!

मी म्हणाले, "बघा, आत्तापासून उजवा! आजोबांसारखा डावखुरा नाही."

हेमा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. जन्मभर लहान मुलांची फिजिओ. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिने पेन काढून ओमच्या डावीकडे ठेवलं. त्याने उजवाच हात आडवा नेऊन ते घेतलं. डावी मूठ मिटलेलीच.

तीनदा ठेवलं. तीनदा तेच.

किचनमध्ये म्हणाली, "सुधा, या वयात मूल दोन्ही हात वापरतं. एकच वापरत असेल तर दुसऱ्याला अडचण आहे. याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, जीपीला दाखवा."

"आज तरी डॉक्टरकी नको गं."

"मग कधी करू? त्याच्या मुंजीत?"

मी तिच्या हातात गोडाचा डबा दिला आणि तिला दारापर्यंत सोडलं. रोज तिचा मेसेज यायचा, "दाखवलंत?" मी उत्तर दिलं नाही. सुनेलाही बोलले नाही. म्हटलं, उगाच घाबरेल.

घाबरले होते मी.

रोज मालिश मीच करायचे. ती मूठ मला ठाऊक होती. अंगठा आत, बोटांत दुलईचा कापूस साचलेला. डावा पायही ताठ. मी म्हणायचे, "ताकद आहे पोरात."

बाराव्या दिवशी मी मूठ उघडली. सोडल्याबरोबर मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

तेलकट हातांनीच सुनेला बोलावलं.

ती म्हणाली, "आई, मलाही वाटत होतं. तुम्ही ताकद म्हणालात, म्हणून गप्प बसले."

मग जीपी, स्पेशलिस्ट, एमआरआय. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूकडून डाव्या बाजूला नीट हुकूम जात नाहीत. थेरपी लगेच सुरू झाली.

हेमाला विचारलं, "अकरा दिवसांनी किती बिघडलं?"

"अकरा दिवसांनी नाही. पण तू अकरा महिनेही काढले असतेस."

काढले असते.

ओम आता सव्वा वर्षाचा आहे. अजून उभा राहत नाही. चालेल का, कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सकाळी मी आधी त्याची डावी मूठ बघते, मग चेहरा.

तुमच्या घरी तान्हं मूल असेल तर त्याचे दोन्ही हात बघा. शंका आली तर दाखवा. मानापमान नंतर.

हेमा, तुझ्या त्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं होतं. दाखवलं गं. सुखाने जा.

ओमच्या चांगल्या हाताला रोज थोडा वेळ हातमोजा घालतात, म्हणजे डाव्याला काम करावं लागतं. आज हेमाच्या मुलीने माझ्याकडे दिले: हेमाने शिवलेले पाच सुती हातमोजे, सगळे उजव्या हाताचे. मापं दीड वर्ष, दोन, अडीच, तीन, चार.

मिळाले.