अक्का आधी विचारायच्या

१ ऑक्टोबर. खंडेनवमी, म्हणून सकाळी गाडी धुवायला काढली. बादली, शाम्पूची पुडी, जुना पंचा. पुढच्या चाकापाशी आले आणि तेलाचं फडकं सवयीनं लांब ठेवलं… ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हात लावायचा नाही. हे मला शिकवणाऱ्या अक्का यंदा नाहीत. ऑगस्टमध्ये गेल्या. दुपारी, दुकानात, काउंटरमागच्या खुर्चीत बसल्या बसल्या. मी दवाखान्यात ड्यूटीवर होते. शेजारच्या दुकानदाराचा फोन आला, "सिस्टर, लगेच या." त्याच्या आवाजावरून मला कळलं की लगेच जाऊन काही उपयोग नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शालिनी. लग्न केलं नाही. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतलं सासऱ्यांचं मोटरसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान त्यांनी तीस वर्षं एकटीनं चालवलं आणि त्याच्याच वरच्या खोलीत राहिल्या. स्वतः कधी सायकलसुद्धा चालवली नाही. पण गाडीचा पुढचा ब्रेक का लागत नाही, हे खुर्चीतून न उठता सांगायच्या. कुणी इथल्या कानडीत "अक्का, ब्रेक पॅड कोड्री", म्हणजे पॅड द्या, म्हणत आला की पॅड शेल्फावरच राहायचे आणि प्रश्न सुरू व्हायचे. लिव्हर मऊ लागतो की कडक? मऊ लागून मुठीपर्यंत येत असेल तर ब्रेक ऑइल बघ, नळीत हवा शिरली असेल. ब्रेक दाबला की हँडल थरथरतं? मग डिस्क वाकलीय. पुढचं चाक उचलून हातानं फिरवलंस का? अडकत फिरत असेल तर आतला पिस्टन मागं सरकत नाही, मेकॅनिककडं जा. गिऱ्हाईक वैतागायचं. तारिहाळच्या कारखान्यातला एक फिटर एकदा म्हणाला, "अक्का, तुम्ही पॅड विकता की परीक्षा घेता?"

"परीक्षाच घेते की. तू नापास. जा, चाक फिरवून बघून ये."

तो गेला, चाक फिरवून आला आणि पॅड न घेताच मेकॅनिककडं गेला. अशानं दुकान कसं चालायचं, देव जाणे… पण चालायचं.

साखरेच्या आजारामुळं माझ्या यजमानांची, सुधीर यांची, नजर कमी झाली, तेव्हा त्यांची मोटरसायकल माझ्याकडं आली. त्या पहिल्या खंडेनवमीला मी अख्खी गाडी खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसली. टाकी, मडगार्ड आणि पुढची डिस्कसुद्धा, तोंड दिसेपर्यंत. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दुसऱ्या दिवशी सुधीरना मागं बसवून, अक्कांना सोनं द्यायला नवनगरहून निघाले. पुढचा टेम्पो थांबला, मी पुढचा ब्रेक दाबला, गाडी थांबेना. मागच्या ब्रेकनं कशीबशी आवरली, तरी चाक टेम्पोला टेकलंच. तशीच हळूहळू चालवत दुकान गाठलं आणि म्हटलं, "अक्का, पॅड संपलेत. नवे द्या."

"लिव्हर?"

"कडक. नेहमीसारखा."

"आवाज? थरथर?"

"काही नाही."

"परवा लागत होता?"

"चांगला लागत होता."

"एका रात्रीत पॅड संपतात होय गं? काल पूजेला गाडी कशानं पुसलीस?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती. एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, पण लाज वाटली. "पाण्यानं," मी म्हणाले.

अक्कांनी चष्मा काढला. "मग मला कळत नाही. गाडी इथं राहू दे, रिक्षानं घरी जा. जो ब्रेक मला कळला नाही, त्याच्या भरवशावर माझ्या भावाला न्यायचं नाही."

मग मी खोबरेल तेल कबूल केलं. गिऱ्हाइकं हसली.

"हसताय काय? गेल्या दसऱ्याला तुम्हीही हेच करून आला होतात," अक्का त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "तुझे पेशंट तरी खरं सांगतात का गं?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"परत विचारते."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी शेल्फावरून पॅड काढले. तेल प्यालेले पॅड टाकून द्यायचे, डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसायची, हे तेव्हा कळलं.

यंदा जूनमध्ये त्यांच्या खोलीवर चहाला गेले होते. जिना चढून आल्यावर त्यांना बराच वेळ बोलता येईना.

"अक्का, दम लागतो?"

"जिना आहे की तो. लागणारच."

"छातीत दुखतं?"

"नाही गं. चहा घे, गार होतोय."

मी चहा घेतला. परत विचारलं नाही. दिवसभर परक्या माणसांना खोदून खोदून विचारणारी मी, घरच्या माणसाचं पहिलं उत्तर घेऊन उठले. तेरावा झाला, चौदावा झाला, सगळं रीतसर पार पडलं… हे मात्र मनातून जात नाही.

२ ऑक्टोबर. दसऱ्याला सकाळी गाडी दोन पावलं ढकलून पुढचा ब्रेक दाबून पाहिला. चाक जागच्या जागी थांबलं. सुधीर नवा शर्ट घालून पायरीवर बूट चढवत होते. वेळ लागत होता. अक्का गेल्यापासून त्यांना काहीही विचारलं तरी एकच उत्तर मिळतं, "बरा आहे."

"पायाला काय झालंय?"

"काही नाही. बूट घट्ट होतोय."

"दोन्ही?"

"…डावा."

"कधीपासून?"

"नंदा, सणाच्या दिवशी काय लावलंयस? उशीर होतोय."

"होऊ दे." मी हेल्मेट खाली ठेवलं आणि त्यांच्या समोर बसले. "दुखतो?"

"दुखत नाही. काहीच लागत नाही तिथं," ते हळूच म्हणाले.

मी मोजा काढला. अंगठ्याखाली जखम होती, कडा काळपट झालेल्या. बऱ्याच दिवसांची.

सोनं द्यायला कुणाकडं गेलो नाही. जखम धुतली, पट्टी बांधली आणि त्यांना मागं बसवून सरळ दवाखान्यात नेलं.