कपाटात पडून राहिलेलं इंजेक्शन

जयश्रीला जे इंजेक्शन मिळालं नाही, ते त्याच हॉस्पिटलच्या कपाटात होतं.

सीलबंद. एक्स्पायरीला बराच वेळ होता.

आज माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी फोटो टाकला आणि गप्प बसले. आज गप्प बसवत नाही.

जयश्री सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलसाठी साड्यांच्या प्रिंटचं डिझाइन करायची. बाजारात अनोळखी बाईच्या पदराकडे बोट दाखवून सांगायची, "ही वेल माझी आहे हं." त्या बाईला काही कळायच्या आत ही पुढे निघून गेलेली.

डॉक्टर मी झाले, पण घरात हुशार तीच होती.

बाळंतपणासाठी घराजवळचं नर्सिंग होम ठरलं. डॉक्टर वयाने मोठे, एरियात नाव. लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आम्हीही ठेवला.

नवव्या महिन्यात तिचं बीपी चढलं आणि किरणने, तिच्या नवऱ्याने, तिला तिथे नेलं. मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर होते. दुपारी तिचाच फोन आला. आम्ही बहिणी आपसात अहिराणीच बोलायचो.

"ताई, डोकं भलतं दुखी राह्यनं. डोयापुढे चांदन्या दिसतस."



जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गरोदर बाई, चढलेलं बीपी, ठणकणारं डोकं, डोळ्यांपुढे चांदण्या. यानंतर कधीही झटका येऊ शकतो. तो येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं असेल तरी पहिला डोस देऊन मग पाठवायचं. ही आपल्याच सरकारची गाइडलाइन आहे. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. आमच्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही ते देतो.

मी फोन डॉक्टरांकडे द्यायला लावला. ओळख सांगितली. सर म्हटलं, प्लीज म्हटलं. पहिला डोस द्या आणि मग सिव्हिलला पाठवा, एवढंच मागितलं.

ते शांतपणे म्हणाले, "जुओ बेन, गाइडलाइन मनेय खबर छे."

म्हणजे माहीत होती.

मग हिंदीत समजावलं, की पुस्तकात हे सगळं ठीक असतं, पण या औषधाने श्वास बंद पडू शकतो. बीपीची गोळी दिली आहे, अॅम्ब्युलन्स आली आहे, पुढचं सिव्हिलवाले बघतील. आणि फोन ठेवला.

उधन्याच्या ट्रॅफिकमध्ये अॅम्ब्युलन्स अडकली. तिथेच जयश्रीला पहिला झटका आला.

सिव्हिलच्या दारात दुसरा.

तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून सिझेरियन केलं. बाळ वाचलं. जयश्रीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, ती शुद्धीवर आलीच नाही. संध्याकाळी गेली. मुलगी झाली हेही तिला कळलं नाही.

मी पोहोचले तेव्हा किरण कॉरिडॉरमध्ये खाली बसलेला. मला बघून एवढंच विचारलं, "ताई, आता तिला दूध कोण पाजणार?"

तेराव्यानंतर मी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. मी प्यायले नाही. औषधांचं कपाट दाखवा म्हटलं. दाखवलं. इंजेक्शन तिथेच होतं. इन्स्पेक्शनला लागतं म्हणून ठेवतो, म्हणाले.

मी विचारलं, मग दिलं का नाही?

खोटं बोलले नाहीत, हे मान्य करते. शिकत असताना त्यांनी या औषधावर असलेल्या एका पेशंटचा श्वास थांबलेला पाहिला होता, ती भीती अजून गेलेली नाही. नर्स टिकत नाहीत, डोसनंतर लक्ष कोण ठेवणार. आणि मग ते म्हणाले,

"मी डोस दिला आणि इथे काही झालं, तर नातेवाईक माझी काच फोडतात. रस्त्यात झालं तर मला कोणी विचारायला येत नाही."

"मी आलेय," मी म्हटलं.



त्यानंतर मी डॉक्टरांच्या एका मीटिंगमध्ये हा विषय काढला. एका सीनियर सरांनी ऐकवलं, की गाइडलाइन म्हणजे स्वयंपाकाचं पुस्तक, खरा डॉक्टर अनुभवाने चालतो. दुसरे म्हणाले, मॅडम इमोशनल झाल्या आहेत. सगळे हसले नाहीत, पण जे हसले नाहीत तेही काही बोलले नाहीत. मग जेवण झालं.

अनुभव? तुमच्या अनुभवात माझी बहीण मोजली का? ती तर तुमच्या गेटबाहेर मेली. तुमचा रेकॉर्ड साफ.

तुमची भीती मला कळते. मीही डोस भरताना घाबरते. पण घाबरत घाबरत देते, आणि शेजारी बसून पेशंटचा श्वास बघते. नर्सला शिकवायला एक दुपार पुरते. मी फुकट येते म्हटलं होतं. कोणी बोलावलं नाही.

मागच्या महिन्यात सिव्हिलमधल्या मैत्रिणीचा फोन आला. त्याच नर्सिंग होममधून तसाच पेशंट आला होता. पहिला डोस देऊन पाठवलेला, सोबत नर्स. आई आणि बाळ दोघं सुखरूप.

मैत्रिणीला वाटलं, मला बरं वाटेल.

मला त्या बाईसाठी बरं वाटलं. मग फोन ठेवला आणि संताप आला.

म्हणजे जमत होतं.

तेच डॉक्टर, तेच कपाट, तोच रस्ता. जमत होतं.

आज तुझ्या लेकीचा दुसरा वाढदिवस, जयश्री. मी सुरतला निघालेय. किरणने केक सांगितलाय, सगळे हसून फोटो काढू.

तुला शांती लाभो असं मी लिहिणार नाही, मलाच ती नाही.

फार आठवण येते गं. तुला तुझ्या ताईचा नमस्कार.