अक्काचा गुप्त नंबर

आईला आम्ही अक्काच म्हणायचो. वडील गेल्यावर त्यांची पेन्शन तिला मिळू लागली, आणि दर महिन्याला ती काढायला मी तिला शिरपूरजवळच्या आमच्या गावाहून धुळ्याला न्यायचो. नव्वदचं दशक संपता संपता बँकेने पैसे काढायचं मशीन बसवलं, अक्काच्या नावाचं कार्ड हातात दिलं आणि सांगितलं, गुप्त नंबर टपालाने येईल.

इथेच घोळ झाला. अक्काला आकडे कळत, अक्षरं येत नसत. आमच्या गल्लीत कुणाचंही पत्र आलं की पोस्टमनने ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचायचं आणि बायांनी हातातलं काम टाकून ऐकायचं, हा रिवाजच होता. बँकेचं पाकीटही त्याने तसंच फोडलं. आधी चारही आकडे खणखणीत वाचले, मग त्याच सुरात पुढचं वाक्य वाचलं: हा क्रमांक कोणालाही सांगू नये. सगळ्या बायांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

शनिवारी मी गावी गेलो, तर शेजारच्या काकूंनीच मला नंबर सांगितला, वर बजावलं की बाहेर बोलू नको. माझं डोकंच फिरलं. कार्ड कुणाच्या हाती लागलं तर वडिलांची पेन्शन गेलीच म्हणून समज, असं मी अक्काला ताडताड बोललो.

"बठ्ठा आपलाच शेतस ना," ती म्हणाली. तिच्या लेखी गल्लीतले सगळे आपलेच होते. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मग मीच नरमलो आणि तासभर समजावलं, की नंबर बदलायचा आणि नवा नंबर जिचे पैसे तिलाच माहीत हवा. मशीनची बटणं वहीच्या पानावर काढून तिच्याकडून चारदा घोकून घेतली.

सोमवारी धुळ्याला तिने मशीनवर जुना नंबर बरोबर दाबला. नव्याची वेळ आली तशी ती थांबली. मी वाकून बघत होतो.

"तू बाहेर उभा राह."

"अगं अक्का, मी तुझा मुलगा."

"माले मालूम शे."

काचेतून मला तिची पाठ तेवढी दिसत होती. रागही आला, हसूही आलं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. नोटा पदराच्या गाठीत बांधलेल्या होत्या. किती काढल्या ते तिने सांगितलं नाही. रस्ता ओलांडता ओलांडता तिने मायेने विचारलं, "तुले काही जोयजे का?"

इतकी वर्षं तिची पेन्शन माझ्या खिशात असायची आणि तुला काही हवंय का, हा प्रश्न मी तिला विचारायचो. ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.