फोटोवालीची सायकल

माझी थोरली बहीण इस्पितळात एक्स-रे काढते. म्हातारी माणसं एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात, म्हणून अर्धं गाव तिला फोटोवाली म्हणून ओळखतं. वय एक्कावन्न, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं आणि हसणं त्याहूनही. मी तिच्या नेमकी उलट. देवानं दोघींच्या वाटणीचे शब्द एकीच्याच पदरात टाकले, असं आई म्हणायची.

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. जाड दार, दारावर लाल दिवा, आत थंडगार टेबल आणि कोपऱ्यात शिशाची आडभिंत, तिला काचेची खिडकी. फोटो काढताना ताई त्या भिंतीमागे जाते आणि तिथून "हलू नका" म्हणते. दिवसभरातलं तिचं निम्मं बोलणं एवढंच. उरलेलं निम्मं म्हणजे "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." पडद्यावर हाडाचे दोन तुकडे लखलखीत दिसत असले तरी एक्स-रे काढणाऱ्यानं ते बोलून दाखवायचं नसतं. मला असली नोकरी दिली असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

गावामागच्या डोंगरावर सायकलींची एक वाट आहे. वरच्या मनोऱ्यापासून निघते आणि दगड, मुळं, घळी यांतून उड्या मारत खालच्या लोखंडी फाटकापाशी येते. शनिवार-रविवारी लोक तिथे सायकली हाकतात आणि सोमवारी ताईच्या दारात रांग लावतात. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा, आणि सगळ्यांत जास्त कॉलरबोन. दुखऱ्या माणसाचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून ताई हात सरळ करता करता विचारायची, "कुठे पडलात?" माणूस सांगायचा. मनोऱ्याखालच्या दुसऱ्या वळणावर, चाक मुळात अडकलं. जुळ्या दगडांपाशी, पुढचा ब्रेक जोरात दाबला. घळीच्या तोंडाशी, घाबरलो आणि थांबलो.

सहा वर्षं ती हे ऐकत होती. एकदा मी तिच्या टेबलाचा खण उघडला तर एक्स-रेच्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर अख्खी वाट काढलेली. मनगटाचं वळण, घोट्याचा दगड, कॉलरबोनची उतरण. जागोजागी बारीक अक्षरात उपदेश: इथे वजन मागे, इथे ब्रेक नको, इथे नजर दूर. जिनं त्या डोंगरावर पाऊल ठेवलं नव्हतं तिला तिथला दगड न् दगड पाठ होता.

मी विचारलं की हा काय उद्योग. तर म्हणाली, "अगं, ही माणसं रडत येतात, आणि प्लास्टर घालायच्या आत विचारतात, पुन्हा सायकलवर कधी बसता येईल. असं आहे तरी काय तिथे?" आणि तिचे डोळे असे चमकले की मी घाबरलेच. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

मग ती सायकलच्या दुकानात जायला लागली. आधी नुसतं बघायला, मग हात लावून बघायला. दुकानदार सरळ माणूस होता. त्यानं सांगितलं की साध्या सायकलवर या वाटेनं उतरलात तर दात मोजत घरी जाल. पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक हवेत, म्हणजे चाक दगडावर चढतं आणि बसणारा जागच्या जागी राहतो. तसल्या सायकलींच्या किमती ऐकून ताईनं दोनदा पाण्याचा ग्लास मागितला. पण कोपऱ्यात एक होती, गेल्या वर्षीची, वांगी रंगाची, कुणी न घेतलेली. वजनाला जरा जड, गिअर मोजकेच, सीट ओबडधोबड. दुकानदार म्हणाला, बनवणाऱ्यानं जिथे चालेल तिथे काटकसर केली आहे, ब्रेकमध्ये आणि शॉकमध्ये नाही. ताईच्या बोनसमध्ये ती बसत होती. ताई पाच वेळा जाऊन आली आणि सहाव्यांदा सायकल घेऊनच आली.

आता भावोजी. ताईचे यजमान लिफ्ट तपासनीस आहेत. गावातली प्रत्येक लिफ्ट सुरक्षित आहे की नाही यावर त्यांची सही लागते. आयुष्यभर दोर तुटला तर काय, ब्रेक निकामी झाला तर काय, याचाच विचार केलेला माणूस. ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून पितात. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण तुझ्या साठीला अजून नऊ वर्षं आहेत, असं ते ताईला म्हणाले. ताई नुसती त्या सायकलचं हँडल धरून उभी राहिली. शेवटी भावोजींनी अट घातली. मला साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या माझ्या घरातून बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "या सायकलपायी एक जरी हाड मोडलं, तरी दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत. मंजूर?"

ताईनं हात पुढे केला. दोघांनी लग्नात धरला नसेल इतक्या गंभीरपणे एकमेकांचा हात धरला.

पहिल्या आठवड्यातच घोळ झाला. मागच्या शॉकमध्ये हवा भरतात, ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. दुकानदारानं वजन विचारलं तेव्हा भावोजी शेजारीच उभे होते, म्हणून ताईनं सात किलो कमी सांगितलं होतं. शॉक मऊ राहिला आणि प्रत्येक खड्ड्यात सायकलचा मागचा भाग धपकन खाली बसायला लागला. ताई तणतणत दुकानात गेली की सायकल सदोष आहे. दुकानदारानं तिला बसवलं, शॉकवरची रबरी कडी कुठवर सरकली ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, वजन नक्की किती?" ताईनं इकडेतिकडे बघून आकडा त्याच्या कानात सांगितला. त्यानं पंप लावला, चार दट्टे मारले आणि सायकल शहाणी झाली. हे मला दुकानदारानं सांगितलं. ताई अजूनही कबूल करत नाही.

त्यानंतर काय विचारता! बाईच्या पायाला भिंगरीच लागली. रोज पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या मातीच्या रस्त्यावर चढ, उतार, चढ, उतार. पेडलवर उभं राहायचं, गुडघे सैल, कोपरं बाहेर. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर उभी राहून मला वजन मागे कसं टाकायचं ते दाखवायची. माझी भाजी दोनदा करपली. पण खरं सांगू, मलाही चढायला लागलं होतं ते. आपली बहीण, जी दहा लोकांत कधी मोठ्यानं खोकली नाही, ती हेल्मेट घालून जिना उतरताना दिसली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

चार महिन्यांनी एका रविवारी तिनं जाहीर केलं की आज मनोऱ्यापासून फाटकापर्यंत. भावोजी आणि मी खाली फाटकापाशी जाऊन थांबलो. भावोजींनी प्रथमोपचाराची पेटी आणली होती, दोर आणला होता आणि इस्पितळाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवला होता, जणू बायको तिथे काम करते हे ते विसरले होते. ताईचा वरून फोन आला, निघते म्हणाली, आणि बंद झाला. मी बडबड करत होते आणि भावोजी घड्याळाकडे बघत होते.

वर काय झालं ते ताईनं नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखंच आठवतं. पहिलं वळण आलं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. हे अमक्याचं मनगट. नजर दूर टाकली, मूळ चाकाखालून सरकन गेलं. मग जुळे दगड; ब्रेक सोडला, पुढचा शॉक दबला, मागचा दबला, आणि ती खाली पोचलीसुद्धा. घोट्याचा दगड डावीकडून टाळला. घळीच्या तोंडाशी बोटं आपोआप ब्रेककडे गेली, पण थांबणारेच पडतात हे तिला अकरा एक्स-रेंनी शिकवलं होतं. ती थांबली नाही. कॉलरबोनची उतरण ती ढुंगण चाकाला टेकेल इतकं मागे नेऊन उतरली आणि तिच्या पाकिटावरचा नकाशा तिथे संपला.

पण वाट संपली नव्हती! फाटक अजून बरंच खाली होतं आणि मधल्या वाटेबद्दल तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत एकानंही त्या भागाचं नाव काढलं नव्हतं, कारण तिथे कुणाचं हाडच मोडत नाही. झाडांमधून जाणारी गुळगुळीत मातीची वाट, बारक्या बारक्या उंचवट्यांची, एकातून दुसऱ्यात लोटणारी. पेडल मारायला नको, ब्रेक दाबायला नको. सायकल आपणहून खाली जात होती, वर येत होती, वळत होती, आणि दोन्ही शॉक तिच्याखाली श्वास घेतल्यासारखे हलत होते. ताई म्हणते, तेव्हा तिला कळलं की ती सगळी रडणारी माणसं परत का जातात. इतका आनंद झाला की तो पोटात माईना.

खाली आम्हाला ऐकू आला तो आवाज. झाडीतून, लांबून, एका बाईचा, उंच आणि न थांबणारा. भावोजींचा चेहरा पांढरा पडला. "पडली," एवढंच म्हणाले, आणि पेटी, दोर, कागद सगळं तिथेच टाकून वाटेनं वर धावत सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ, लिफ्ट बंद असेल तर उद्या येतो म्हणणारा. मी त्यांच्या मागे धावत ओरडत होते की वाटेवरून जाऊ नका, कडेनं जा. कोण ऐकतंय.

वळणावर दोघांची गाठ पडली. ताईनं दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल चढाच्या बाजूला घालून पाय न टेकता उभी केली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. भावोजींनी उलट्या बाजूला उडी मारली. तिकडे चर होता. ते खांद्यावर आपटले.

अर्ध्या तासात आम्ही इस्पितळात होतो. रविवारी एक्स-रेची पाळी दुसऱ्याची, पण ताईनं त्याला चहा प्यायला पाठवलं. अंगावर चिखल तसाच, हेल्मेट काढायचंही राहून गेलेलं. तिनं भावोजींना उभं केलं, खांदा सरळ केला, आणि आम्ही दोघी शिशाच्या भिंतीमागे गेलो. ताई "हलू नका" म्हणाली. पडद्यावर कॉलरबोन आलं, मधोमध दोन तुकडे, मलासुद्धा कळलं. मी ताईकडे पाहिलं. सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर जे काही पेटलेलं होतं ते माझ्यासमोर विझलं. साक्षीदार मीच होते ना.

ती बाहेर जाऊन भावोजींसमोर उभी राहिली. रिपोर्ट डॉक्टर सांगतील, असं ती म्हणाली असती तर निदान एक दिवस मिळाला असता. पण तिनं तसं केलं नाही.

"मोडलंय," ती म्हणाली. "आणि सायकलपायीच मोडलंय. उद्या नेऊन देते दुकानात."

भावोजी ते ऐकतच नव्हते. चांगल्या हातानं मोडका खांदा धरून ते तिच्याकडे बघत होते.

"आधी तुझं सांग. तुला कुठे लागलंय?"

"मला? कुठेच नाही."

"मग एवढी किंचाळत का होतीस?"

"किंचाळत नव्हते हो," ताई म्हणाली. "हसत होते."

भावोजी तिच्या हेल्मेटवरचा चिखल बघत राहिले, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये बोलले नाही.

"अठ्ठावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," ते शेवटी म्हणाले, "आणि मला ओळखू आलं नाही."

ताईनं त्यांचा हात हळूच गळ्यात बांधायच्या झोळीत घातला, गाठ मारली आणि ती सैल तर नाही ना हे दोनदा पाहिलं. दाराशी पोचल्यावर भावोजी थांबले आणि मागे न बघता म्हणाले की सायकल कुठेही न्यायची नाही, येत्या रविवारी ते फाटकापाशीच बसून राहतील, त्यांना फक्त नीट ऐकायचं आहे.