गाऱ्हाण्यातलं पॅकेज

बारावीच्या सुट्टीत बाबांनी महाडच्या एस.टी. स्टँडवरून एक इंग्रजी साप्ताहिक आणलं. त्यात बीबीए शिकवणाऱ्या कॉलेजांचे नंबर लावले होते, वर्गात पोरांचे लावतात तसे. प्रत्येक कॉलेजापुढे तिथल्या मुलांना मिळणारं सरासरी पॅकेज. बाबांनी लाल पेनाने पुण्यातल्या एका कॉलेजाखाली रेघ ओढली, पॅकेजला बाराने भागलं आणि पोलादपूरला काकांना फोन लावला. "दोघी पोरींना इथंच घालायचं. सुटल्या की महिन्याला एवढा पगार!" तो आकडा मी सांगणार नाही, अजून तोंड कडू होतं. आणि गंमत बघा, बाबा हायस्कूलला गणित शिकवायचे. आयुष्यभर फळ्यावर सरासरी काढलेला माणूस, पण छापलेली सरासरी त्यांनी प्रत्येकीचा पगार म्हणून वाचली.

दोघी पोरी म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण. एकाच वर्षीच्या, त्यामुळे बाळसं धरण्यापासून आमची तुलना. आम्ही दोघींनी प्रवेश परीक्षा दिली. तिचं नाव लागलं. माझं वेटिंगवर गेलं आणि तिथेच कुजलं. ती पुण्याला गेली, मी महाडमध्येच बी.कॉम.ला.

जळले का? जळले म्हणजे काय, अंगाची लाही लाही झाली! दिवाळीला ती केस सरळ करून आली. जेवताना म्हणाली, "आमचं प्रेझेंटेशन होतं ना, म्हणून झोपच नाही." मला प्रेझेंटेशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ती झोप मला हवी होती, न मिळालेलीसुद्धा. आई म्हणायची, तिला विचार, चार गोष्टी शिकून घे. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

पण खरा घाव त्याआधी, गणपतीतच बसला होता. आमचं मूळ गाव उमरठच्या अलीकडे. तिथे आरती झाली की घरातला थोरला माणूस देवापुढे हात जोडून एकेकाचं गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. थोरले बाबाच. महाडात पुस्तकी बोलणारे बाबा देवापुढे उभे राहिले की गावचे होतात. त्या वर्षी म्हणाले, "बा गजानना, माज्या भावाची लेक पुन्याला नंबरातल्या कालेजात गेली हाय. मोठ्या पॅकेजवर जायची हाय. तिच्या पाठीशी उभा रहा." व्हय म्हाराजा! मग माझ्याकडे ओझरतं बघून, "आनि आमची ही हाय, तिचंपन बघ." व्हय म्हाराजा!

तिचंपण बघ! जाता जाता म्हणायचं म्हणून म्हटलेलं. मी ताटातलं निरांजन सरळ करत राहिले, नाहीतर तिथेच रडले असते.

पुढच्या वर्षी गावच्या मंडळाने काकांची वर्गणी वाढवली. काका तहसील कचेरीत कारकून, विचारलं कशापायी, तर उत्तर आलं, "तुमची पोरगी पॅकेजवाली हाय ना वो!" पोरगी दुसऱ्या वर्षाला होती, एक रुपया कमावलेला नव्हता. तरी काकांनी हसत वर्गणी दिली. आणि गाऱ्हाण्यात माझं आपलं तेच, तिचंपण बघ.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. मला पुणं नको, केस नकोत. बाबांनी देवापुढे, सगळ्या भावकीसमोर, माझ्याबद्दल एक धड वाक्य बोलायचं. बस्स. त्यासाठी मी हट्टाला पेटून अभ्यास केला, कॉलेज सुटलं की संगणकावर हिशेब ठेवायचा क्लास केला, आणि शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आत एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी मिळवली. पगार बेताचा, पण माझ्या हातात पडणारा.

त्या गणपतीला आम्ही दोघी परसदारी मोदकांसाठी नारळ खवत बसलो होतो. मी अगदी सहज म्हणून विचारलं, "मग? कुठे लागली तुला?"

ती खाली मान घालून खवत राहिली. मग म्हणाली, "नाही लागली गं. ज्यांना लागते त्यांचीच सरासरी काढतात. मी त्यात नाहीच. आमच्यासारख्यांना कॉलेजने 'पुढे शिकणार' म्हणून दाखवलंय."

"काकांना सांगितलंस?"

"सकाळी. त्यांनी तुझ्या बाबांना सांगितलं असेल."

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मनात उकळ्या फुटत होत्या. आज माझी पाळी, आज बाबा बोलणार! मी नवी साडी नेसून अगदी पुढे जाऊन उभी राहिले.

बाबांनी हात जोडले. "बा गजानना, माज्या भावाच्या लेकीला नोकरी लागली नाय. पोरीची काय बी चूक नाय. मीच आकडे बघून धाडली तिला, मलाच उमगलं नाय. तिला उभी कर रे म्हाराजा." व्हय म्हाराजा म्हणताना काकांनी डोळे पुसले. मग काकांचं गुडघ्याचं दुखणं झालं, बांधाचं भांडण झालं, आणि सगळ्यांना सुखी ठेव म्हणून बाबांनी कपाळ टेकलं.

संपलं. माझा उल्लेखच नाही.

प्रसाद वाटताना मी त्यांना गाठलं. "बाबा, माझं राहिलं."

"तुझं?" त्यांना खरोखरच कळेना. "तुझ्यासाठी काय मागायचं गं? तुझं सगळं मार्गी लागलंय की." माझ्या हातावर मोदक ठेवून ते इकडेतिकडे बघू लागले. "ती कुठे गेली? सकाळपासून पोटात काही नाही पोरीच्या."

मी परसदाराकडे बोट दाखवलं. माझ्यासाठी वाढलेलं ताट उचलून बाबा तिच्याकडे गेले, आणि नोकरी माझी असून मी पुन्हा तिच्यावरच जळत उभी राहिले.