साडभावानं उतरवलेला बोर्ड

माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, याच्या हाती आलेली कोणतीही वस्तू आजवर कारखान्याच्या मर्जीप्रमाणे वागलेली नाही. फवारणीचा पंप घेतला, तर त्यानं आधी घराला चुना मारला, मग संत्र्याच्या झाडांकडे वळला. नागपूरहून सोफा आणला आणि चारी पाय करवतीनं कापून जमिनीलगत बसवला. "मांडी घालून बसता नाही येत तं बसाचं कायले, गुरुजी?" मी पांढुर्ण्याला शाळामास्तर होतो, म्हणून मी गुरुजी. चहा तो एकट्यानं कधी पीत नाही. घरात कोणी नसेल तर कप ओट्यावर ठेवून रस्त्यावर जातो आणि माणूस घेऊन येतो. एकदा त्यानं छिंदवाड्याच्या बसचा कंडक्टर आणला. बस बाहेर घरघरत उभी, प्रवासी खिडक्यांतून डोकावताहेत, आणि आत हा बशी पुढे करतोय, "तशीही लेटच आहे, बिस्किट घे."

असा हा माणूस वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाला आणि काही वर्षांपूर्वी त्यानं एका मोठ्या कंपनीच्या संगीतशाळेची फ्रँचायझी घेतली. सौंसरला, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर. जांभळ्या भिंती, काचेचं दार, ओळीनं कीबोर्ड, प्रत्येकाला हेडफोन. ज्याचं त्यानं वाजवायचं, ज्याचं त्यानं ऐकायचं, असा कंपनीचा नियम. मी पहिल्या दिवशी गेलो तर मुलं माना खाली घालून बसलेली आणि खोलीत नुसती टकटक. "गुरुजी, हे तं टायपिंगचं कॉलेज झालं," तो कुजबुजला. दुसऱ्याच आठवड्यात हेडफोन कपाटात गेले आणि सतरंजी आली.

त्याचं सगळं गाणं भजनी मंडळातलं. जामसांवलीच्या मारुतीपुढे तो शनिवारी गायचा आणि बुद्धविहारात जयंतीच्या तयारीला बोलावलं तर तिथंही पेटी घेऊन बसायचा. आमच्याकडे गाणं एकानं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं. म्होरक्या ओळ म्हणून थांबतो, मंडळी तीच ओळ परत म्हणतात, मगच पुढची. यानं कीबोर्डही तसाच शिकवला. खाली खत घ्यायला आलेले शेतकरी पोत्यांवर बसून ताल धरत. 'फक्त विद्यार्थ्यांसाठी' या पाटीखाली पालकांची बैठक भरे.

वर्षानं कंपनीचे परीक्षक आले. शाखा पुढे चालेल की नाही, ते निकालावर ठरणार होतं. तोंड उघडायचं नाही या अटीवर साडभाऊ आत बसला. बाहेर मुलांना सांभाळायला मी. पहिली आत गेली लोधीखेड्याची मुलगी, सगळ्यांत तयार. तिनं पहिली ओळ सफाईनं वाजवली आणि हात मांडीवर घेऊन थांबली. बाहेरच्या मुलांनी ती झेलायला तोंडं उघडली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि किलकिलं दार लावून घेतलं. जन्मभराची सवय. मुलं गप्प झाली.

काचेतून मला मुलगी दिसत होती. आतलं बोलणं साडभावानं नंतर सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, "पुढचं विसरलीस का?" ती म्हणाली, "नाही सर. त्याईचं व्हाचं आहे अजून."

एकामागून एक सगळी मुलं तशीच थांबली आणि सगळी नापास झाली. परीक्षक माणूस भला. म्हणाले, "तीन महिने घ्या. एकेकट्याला बसवून तयारी करा, मी परत येतो." मी साडभावाची बाही ओढली, "हो म्हण लेका. तीन महिने तर आहेत."

"तीन महिने मी त्याईले एकमेकाची वाट न पाहाले शिकवू?" तो म्हणाला. "मंग शिकवाचं उरलं काय, गुरुजी?"

आणि कपाटातून खांबावर चढायचा जुना कमरपट्टा काढून हा गडी खिडकीबाहेर चढला. कंपनीचा बोर्ड स्वतः उतरवला, धोतराच्या फडक्यानं पुसला आणि संत्र्यांच्या थैलीसोबत परीक्षकांच्या गाडीत ठेवला. "न्या साहेब. पुढच्याच्या कामी पडन."

आता पांढुर्ण्याच्या बाजारात लोक सांगतात की याला शिकवता आलं नाही, कंपनीनं फसवलं आणि बोर्ड काढून नेला. मी इतकी वर्षं हे ऐकून मान डोलावत आलो. आता नाही डोलावणार. कोणी त्याला फसवलं नाही. नियम त्याला पाठ होता आणि त्यानं तो डोळे उघडे ठेवून मोडला. मुलांना सगळं येत होतं. दार मी लावलं होतं. ज्यांना प्रमाणपत्र हवं होतं ते गेले; उरलेले आजही त्याच जांभळ्या भिंतींत, बिनबोर्डाच्या शाळेत, सतरंजीवर बसतात. तिला बुडाली म्हणणाऱ्यांनी एकदा खताच्या दुकानापुढे उभं राहावं.

कोणी विचारलं तर तो स्वतः म्हणतो, "माह्यंच शिकवनं कमी पडलं." त्या दिवशी दाराशी कोण होतं, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. हेच मला सोसत नाही.

हे लिहितोय असं परवा त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "छापू नका, गुरुजी. छापलं तं तिथं येऊन भांडन."

छापतोच आहे. गुडघ्यांमुळे त्यानं पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढणं सोडलं आहे, आणि मलाही आता सौंसर लांब वाटतं. भांडायला का होईना, येऊ दे.